महाधमनीचे कलम आणि मुदतीचा हिशेब



हृदयापासून निघून पाठीच्या कण्यालगत पोटात उतरणारी आणि बेंबीच्या सुमारास दोन शाखांत विभागणारी महाधमनी पोटात साधारणतः दोन सेंटिमीटर रुंद असते. परंतु वय साठीपलीकडे गेले, त्यात वर्षानुवर्षे धूम्रपान घडले, की काही जणांच्या, विशेषतः पुरुषांच्या, महाधमनीची भिंत मूत्रपिंडांच्या धमन्यांखाली क्षीण होऊन, सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा यावा तशी बाहेर येऊ लागते. हा विस्फार बहुधा दुखत नाही, ताप आणत नाही, आपल्या अस्तित्वाची वर्दी देत नाही. आणि फुटला म्हणजे पुष्कळांना रुग्णालय गाठण्याचीही उसंत देत नाही. अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या अशाच विस्फाराभोवती शल्यविशारद रुडॉल्फ निसेन यांनी १९४८ साली सेलोफेन गुंडाळले होते. १९५५ साली तो फुटला, तेव्हा आइन्स्टाइन यांनी शस्त्रक्रियेस नकार दिला आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

तोपर्यंत शस्त्रक्रियेचा राजमार्ग मात्र खुला झालेला होता. १९५१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्युबो यांनी विस्फारलेला भाग काढून त्या जागी मृत व्यक्तीची महाधमनी जोडली, आणि पुढील काही वर्षांत मानवी धमनीची जागा डेक्रॉन या कृत्रिम धाग्याच्या विणलेल्या नळीने घेतली. या शस्त्रक्रियेत पोट उभे चिरावे लागते, आतडी बाजूला सारावी लागतात, महाधमनीला चिमटा लावून पायांकडचा रक्तप्रवाह काही काळ तहकूब करावा लागतो, फुगा उघडून आतील गुठळ्या काढाव्या लागतात, आणि नळीची दोन्ही टोके निरोगी भिंतीला टाके घालून शिवावी लागतात. शिवण पक्की बसली, की ती बहुधा जन्मभर पुरते. पण ज्याचे हृदय वा फुप्फुसे आधीच थकलेली, त्या वृद्धाला हा आघात सोसेल याची हमी कोण देणार?

या प्रश्नाने बेचैन झालेल्यांत अर्जेंटिनाचे शल्यविशारद हुआन पारोदी हे अग्रगण्य होत. नळी आत न्यायचीच आहे, तर जांघेतील धमनीच्या वाटेने का नेऊ नये, हा विचार त्यांना १९७६ पासून छळत होता. मिटलेली नळी बारीक आवरणात घालून क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत वर सरकवायची, मूत्रपिंडांच्या धमन्यांखाली ती नेमकी धरायची, आणि फुगणाऱ्या धातूच्या जाळीने, म्हणजे स्टेंटने, तिचे तोंड भिंतीशी घट्ट बसवायचे, की रक्त नव्या नळीतून वाहू लागते आणि जुन्या फुग्यावरील दाब उतरतो. असा स्टेंट अर्जेंटिनात जन्मलेल्या हुलिओ पाल्माझ यांनी सिद्ध केला होता. १९९० च्या सप्टेंबरात ब्वेनोस आइरेस येथे ही क्रिया माणसावर झाली, आणि १९९१ साली पाच रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. हे सारे रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेचा धोका न पेलणारे होते. न्यायबुद्धीने येथे आणखी एक नाव नोंदविले पाहिजे: खार्कीवचे निकोलाय व्होलोदोस यांनी १९८७ सालीच छातीतील महाधमनीवर असा उपचार केला होता, परंतु त्यांचा अहवाल रशियन भाषेत निघाल्यामुळे पाश्चात्त्य वैद्यकाच्या दफ्तरी तो दीर्घकाळ रुजू झाला नाही.

पाच रुग्णांच्या वृत्तांताने उपचाराची शक्यता सिद्ध होते, श्रेष्ठता नव्हे. तिचा निवाडा ब्रिटनमधील एका दीर्घ चाचणीने केला, आणि तो एकदा नव्हे तर दोनदा केला, हीच आजच्या विषयातील मला सर्वांत बोधप्रद वाटणारी गोष्ट आहे. रॉजर ग्रीनहॉल यांच्या नेतृत्वाखाली १९९९ पासून दोन्ही उपचार सोसतील अशा साठीच्या पुढील रुग्णांची विभागणी शल्यविशारदाच्या मर्जीने न करता यदृच्छेने, चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, करण्यात आली. विस्फार किमान साडेपाच सेंटिमीटरांचा असावा, अशी अट होती. २००४ साली १०८२ रुग्णांचा पहिला हिशेब बाहेर आला: तीस दिवसांत दगावलेल्यांचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेत शेकडा ४.७, तर जांघेतून केलेल्या उपचारात अवघे १.७. त्याच वर्षी नेदरलँड्समधील चाचणीचाही कौल त्याच दिशेने पडला. आता वाद मिटला, असे पुष्कळांना वाटले असल्यास नवल नाही.

परंतु ग्रीनहॉल आणि त्यांचे सहकारी यांनी वही मिटली नाही. एकूण १२५२ रुग्णांचा पाठपुरावा पंधरा वर्षे चालवून २०१६ साली त्यांनी जो ताळेबंद मांडला, त्यात आरंभीचा नफा काही वर्षांत विरून गेला होता, आणि आठ वर्षांनंतर तर उघड्या शस्त्रक्रियेचे रुग्ण अधिक संख्येने हयात होते. कारणही गूढ नव्हते. टाक्यांनी शिवलेली नळी जागची हलत नाही. जाळीच्या दाबाने टेकलेली नळी कालांतराने घसरू शकते, तिच्या कडेने किंवा कण्याजवळच्या लहान शाखांतून रक्त पुन्हा फुग्यात शिरू शकते, आणि रुग्ण नियमित तपासणीस आला नाही तर बंदोबस्त झाला असे समजलेला फुगा एके दिवशी फुटू शकतो.

याहून अंतर्मुख करणारा निकाल त्यांच्याच जोडचाचणीचा होता. ज्यांना मोठी शस्त्रक्रिया सोसणार नाही, म्हणजे ज्यांच्यासाठी पारोदींनी ही युक्ती योजली, अशाच रुग्णांपैकी निम्म्यांवर जांघेतून उपचार झाला आणि निम्म्यांवर काहीच झाला नाही. उपचार झालेल्यांत विस्फाराने मरणारे पुढे कमी झाले. तरी एकूण आयुर्मान वाढले नाही, कारण थकलेले हृदय आणि जर्जर फुप्फुसे यांनी आपली वसुली केलीच. एका व्याधीचे मरण टळणे आणि आयुष्य लांबणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या आकड्यांनी शिकविले.

यावरून नवा मार्ग फोल ठरला, असे मात्र कोणी समजू नये. त्या चाचण्यांतील साधने पहिल्या पिढ्यांची होती. नंतरच्या साधनांत पुष्कळ सुधारणा झाली आहे, आणि पोट न चिरता थोड्या दिवसांत घरी परतणे हे रुग्णाच्या लेखी क्षुल्लक नव्हे. बोध एवढाच, की 'कोणता उपचार चांगला?' हा प्रश्न मुदत सांगितल्याशिवाय पुरा होत नाही. पासष्टीच्या धडधाकट गृहस्थाला पुढील वीस वर्षांचा विचार करावयाचा असतो. ऐंशीच्या घरातील वृद्धाला पुढील दोन-चार वर्षांचा. आणि दोघांनाही वैद्याने आधी विचारले पाहिजे, की दरवर्षी तपासणीस याल काय? नव्या साधनाचा गौरव कानी पडला, की रुग्णाने आणि त्याच्या कुटुंबीयांनीही उलट विचारावे: हा आकडा महिन्याचा की दशकाचा? पारोदींच्या साहसाइतकेच मोल पंधरा वर्षे नोंदवही राखणाऱ्यांच्या चिकाटीला आहे; आणि त्यांनी स्वतःच जाहीर केलेल्या पहिल्या विजयाला पुढे स्वतःच मुरड घातली, हा शास्त्रीय प्रामाणिकपणाचा दाखला आपल्या वैद्यक महाविद्यालयांत शिकविण्याजोगा आहे.