रक्ताची पिशवी आणि जिवंत पेशी

नाशिकमधील एखाद्या रक्तपेढीचें शीतकपाट उघडून पाहिलें, तर गडद तांबड्या रक्तानें भरलेल्या मऊ, पारदर्शक पिशव्या ओळीनें ठेवलेल्या दिसतात. एके काळीं रक्त कांचेच्या बाटल्यांत सांठवीत असत. 1950 च्या सुमारास अमेरिकेंत कार्ल वॉल्टर यांनीं प्लॅस्टिकची पिशवी प्रचारांत आणली आणि बाटली फुटण्याची धास्ती संपली. परंतु एका धास्तीच्या जागीं दुसरी आली. रक्ताच्या या नव्या घराच्या भिंती निर्धोक आहेत, हें ठरवावयाचें कसें?

ही पिशवी पॉलिव्हिनिल क्लोराइड या कृत्रिम पॉलिमराची असते. हा पदार्थ मुळांत कडक; घरांतील पाण्याचे नळ त्याचेच करतात. त्याला लवचिकपणा यावा म्हणून त्यांत डायएथिलहेक्झिल थॅलेट नांवाचें तेलकट द्रव्य घालतात. पिशवीच्या वजनांत त्याचा वांटा 30 ते 40 टक्क्यांपर्यंत असतो. हें द्रव्य पॉलिमराच्या लांबलचक साखळ्यांना रासायनिक बंधनानें जखडलेलें नसतें, नुसतें त्यांच्या फटींत बसलेलें असतें. पाण्यांत तें फारसें विरघळत नाहीं. रक्तांतील स्निग्ध पदार्थ मात्र त्याला ओढून घेतात. सांठविलेल्या रक्तांत तें उतरतें, हें बाल्टिमोरच्या जेगर व रुबिन या संशोधकांनीं 1970 मध्यें दाखवून दिलें.

म्हणून परीक्षा पॉलिमराची घ्यावयाची ती त्यांतून काय झिरपतें याची. नमुन्याचा तुकडा पोषक द्रवांत 37 अंश उष्णतेवर निदान 24 तास ठेवतात आणि तो द्रव जिवंत पेशींना पाजतात. या कामीं बहुधा एल-929 नांवाच्या पेशी वापरल्या जातात. 1940 मध्यें विल्टन अर्ल यांनीं एका उंदराच्या त्वचेखालील ऊतींतून मूळ वंश वाढविला. उंदीर केव्हांच गेला, त्याच्या पेशी अजून वाढतच आहेत. नाशिककरांना शेजारच्या पुण्यांतील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र ठाऊक असेल. असे पेशीवंश जतन करून संशोधकांना पुरविणें हें त्याचें एक कार्य होय.

पुढें त्या पेशींवर एक पिवळें रंजकद्रव्य घालतात. जिवंत पेशी त्याला जांभळें करतात, मेलेल्या करीत नाहींत. द्रव न पाजलेल्या पेशींचा रंग 100 धरला आणि परीक्षेंतील पेशींचा 70 च्या खालीं आला, तर पदार्थ पेशीघातक ठरतो. सोबत एक निरुपद्रवी व एक निश्चित विषारी पदार्थही तपासावा लागतो. विषानेंही पेशी मरेनात, तर दोष परीक्षेंतच आहे असें समजावें.

परंतु ही एका दिवसाची परीक्षा, तीही उंदराच्या पेशींवरची. तेवढ्यावर निश्चिंत होणें भोळेपणाचें. ऐकणाऱ्यांस नवल वाटेल, पण तेंच थॅलेट तांबड्या पेशींच्या पटलाला बळकटी देतें. योग्य पोषक द्रव घातल्यास तांबड्या पेशी 42 दिवस टिकतात, त्यांत या आगंतुकाचाही हात आहे. उलट, उंदरांच्या नर पिलांत त्यानें वृषणांच्या वाढीस अपाय झाल्याचें आढळलें, आणि 2002 मध्यें अमेरिकेच्या औषध प्रशासनानें नवजात मुलग्यांच्या बाबतींत सावधगिरीची सूचना दिली. अपघातांत रक्तबंबाळ झालेल्या माणसानें याचा विचारही करूं नये. त्याला रक्त न मिळणें हाच खरा धोका. परंतु थॅलेसीमिया झालेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनीं रक्त घ्यावें लागतें, आणि तेंही वर्षानुवर्षें. त्याच्या शरीराचा हिशेब एका थाळींतील पेशींनीं कसा द्यावा?

पर्यायी द्रव्यें निघालीं आहेत. कांहीं सिट्रेट जातीचीं, कांहीं ट्रायमेलिटेट जातीचीं. घोडें अडतें तें येथें. नवें द्रव्य थाळींतल्या पेशींना मानवतें. मग त्याच्या पिशवींत रक्त भरून ती शीतकपाटांत ठेवतात. शेवटच्या दिवशीं फुटलेल्या तांबड्या पेशींचें प्रमाण युरोपच्या नियमाप्रमाणें 0.8 टक्क्यांच्या आंत असावें लागतें. तें ओलांडलें, कीं पिशवीचा मसाला नव्यानें जुळवावयाचा आणि पुन्हा 42 दिवस मोजावयाचे.