नोकरीचा अर्ज व हातचें कौशल्य

(महोत्सवानिमित्त धर्मग्रामांतील तरुण व प्रौढ नोकरेच्छूंपुढें दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या व्याख्यानांत पूर्वजांच्या कर्तृत्वाविषयीं बोलावें असा प्रघात आहे; परंतु व्यवस्थापक मंडळाच्या इच्छेस मान देऊन आम्ही आज एक अगदीं व्यावहारिक विषय आपणांपुढें मांडीत आहों. नोकरीसाठीं जो कागद आपण पाठवितों, ज्यास कोणी बायोडेटा म्हणतात, कोणी रेझ्युमे, त्यांत आपल्या अंगच्या कोणत्या गुणांस जागा द्यावी, हा तो विषय होय. विषय क्षुद्र वाटेल. परंतु आपल्यांतील कित्येक घरांची महिन्याची प्राप्ति याच एका कागदावर अवलंबून असते, आणि आम्हांस दाखविण्यांत आलेले बहुतेक अर्ज अर्जदाराची योग्यता झांकणारेच होते.

तें कसें? अर्जदार हुद्दा लिहितो आणि काम लिहावयाचें विसरतो. ‘पांच वर्षें क्लार्क’, ‘आठ वर्षें सुपरवायझर’, एवढ्यावर तो थांबतो. हुद्दा ही मालकाची वस्तु आहे. नोकरी सुटली कीं तो तेथेंच राहतो. त्या हुद्द्यावर असतांना हातास व बुद्धीस जें वळण लागलें तें मात्र आपल्याबरोबर फाटकाबाहेर येतें. या सोबत येणाऱ्या कौशल्याची आपणांस ओळख पटावी, आणि तें नव्या मालकास कळेल अशा शब्दांत लिहिलें जावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.

याचें एक कडू उदाहरण मुंबईनें पाहिलें. १९८२ च्या जानेवारींत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत होते, आणि त्यांपैकीं फार मोठ्या संख्येस पुन्हा गिरणींत पाऊल ठेवावयास मिळालें नाहीं. त्यांतील एखाद्या साचेखात्याच्या जॉबराचा विचार करा. आज कोण गैरहजर, त्याच्या जागीं कोणता बदली घालावा, अडलेला साचा आपण चालू करावा कीं फिटरास हांक मारावी, दोघां गड्यांचें भांडण मास्तरांच्या कानावर जाण्यापूर्वीं कसें मिटवावें, हें सर्व तो वर्षानुवर्षें पाहत आला. परंतु नवें काम शोधतांना त्याच्यापाशीं सांगावयास ‘गिरणी कामगार’ हे दोनच शब्द होते, आणि गिरण्या तर बंद पडत होत्या. माणसांची पाळी लावणें व त्यांच्याकडून काम करवून घेणें गोदामासहि लागतें, इस्पितळासहि लागतें. पण त्या दोन शब्दांत तें कोणास दिसणार? कागद नीट लिहिला असता तर सर्वांस कामें मिळालीं असतीं, असें आम्ही म्हणत नाहीं. कामेंच थोडीं होतीं. तथापि जीं होतीं त्यांच्या दारापर्यंत तरी तो जॉबर पोंचला असता.

या विषयाचें शास्त्र अमेरिकेंत वाढलें, तेंहि बेकारींतूनच. तेथील सरकारी रोजगार खात्यानें मंदीच्या काळांत, १९३९ सालीं, धंद्यांचा एक मोठा कोश प्रसिद्ध केला. त्याच्या १९६५ च्या आवृत्तींत प्रत्येक धंद्याची तपासणी तीन अंगांनीं केलेली आहे: त्यांत माहितीशीं काय संबंध येतो, माणसांशीं काय, आणि वस्तूंशीं काय. ही तिहेरी फोड आम्हांस फार उपयुक्त वाटते, कारण ती शेतकऱ्यासहि लागू पडते आणि बँकेच्या मॅनेजरासहि.

दुसरें उदाहरण धर्मसेवकांचेंच आहे, म्हणून येथें सांगण्याजोगें. रिचर्ड बोल्स हे एपिस्कोपल पंथाचे धर्मोपदेशक. १९६८ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथील एका कॅथीड्रलमधील त्यांची जागा पैशाच्या टंचाईमुळें गेली. पुढें महाविद्यालयांत काम करणाऱ्या धर्मोपदेशकांवर तीच पाळी येऊं लागली, तेव्हां त्यांच्यासाठीं बोल्स यांनीं १९७० त ‘व्हॉट कलर इज युवर पॅराशूट?’ हें पुस्तक स्वतःच छापून काढलें. १९७२ त तें एका प्रकाशकानें हातीं घेतलें, आणि पुढें त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. उपदेश करणारा मनुष्य दुसरें काय करणार, असा त्या मंडळींपुढें प्रश्न होता. बोल्स यांची रीत सोपी आहे. आपल्या हातून चांगलीं पार पडलेलीं कांहीं कामें गोष्टीसारखीं लिहून काढावयाचीं, आणि मग त्या गोष्टींतून आपण काय काय केलें तीं क्रियापदें वेंचावयाचीं.

ही रीत आपल्या वसईकडे लावून पाहूं. पहाटेच्या लोकलच्या मालडब्यांतून फुलांची टोपली घेऊन दादरच्या बाजारास जाणारी एखादी भगिनी घ्या. वीस वर्षें हा व्यापार केल्यावर, गुडघे दुखूं लागले म्हणून, ती एखाद्या दुकानांत वा स्वयंपाकगृहांत देखरेखीचें काम शोधूं लागते, आणि तिचा मुलगा तिच्या अर्जांत ‘गृहिणी’ असें लिहून मोकळा होतो! वस्तूंकडून पाहा: कोणता माल दुपारपर्यंत टिकेल आणि कोणता आधीं काढला पाहिजे, हें ती हात लावून सांगते. माणसांकडून पाहा: कोणत्या गिऱ्हाइकास उधार द्यावें व कोणाकडे आठवड्याच्या आंत मागावें, हें ती जाणते. माहितीकडून पाहा: गर्दींत दर ऐकून, भाडें व नासधूस वजा करून, हातांत काय उरेल तें ती कागदावांचून मांडते. दुकानदारास तर असेंच माणूस हवें असतें. ‘नाशिवंत मालाची २० वर्षें खरेदी-विक्री, रोजचा दर ठरविणें, उधारीची वसुली व रोख हिशेब स्वतः सांभाळला’ ही एक ओळ त्या ‘गृहिणी’ शब्दाच्या जागीं घाला. तींत खोटें अक्षरहि नाहीं.

आपल्या तरुणांचेंहि तेंच. समजा, एकजण सणसमितीचा खजिनदार होता. तो अर्जाच्या तळाशीं, छंदांच्या यादींत, क्रिकेटनंतर ‘समाजकार्य’ लिहितो. त्याऐवजीं किती वर्षें, किती कुटुंबांची वर्गणी, पावतीपुस्तक व रोजकीर्द कोणी लिहिली, सणानंतर किती दिवसांत हिशेब सभेपुढें ठेवला, हें लिहावें. आंकडा आला कीं वाचणारा थबकतो. ‘लीडरशिप’, ‘टीमवर्क’, ‘हार्ड वर्किंग’ हे शब्द तर आतां लग्नाच्या अक्षतांसारखे सर्वांवर सारखेच पडतात. त्यांनीं कोणाचीच ओळख पटत नाहीं. (लग्नावरून आठवलें: लग्नाचा व नोकरीचा बायोडेटा यांत आपल्याकडे फार घोटाळा होतो. उंची, वर्ण व मामाचें गांव हीं नोकरीच्या कागदांत नकोत.)

आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मोठ्या कंपन्यांत अर्ज प्रथम संगणक चाळतो, आणि जाहिरातींतील शब्द त्यांत आहेत कीं नाहींत हें पाहतो. म्हणून जाहिरात दोनदां वाचावी, आणि जें काम आपण खरोखर केलें आहे त्यास जाहिरातींतलेंच नांव द्यावें. जाहिरातींत ‘स्टॉक’ असेल तर आपण ‘मालाची मोजदाद’ लिहून उपयोग नाहीं. अशा तीन-चार ओळी कागदाच्या वरच्या भागांत याव्यात. त्याखालीं नोकऱ्या, अलीकडची आधीं, सनवार. कौशल्यें पुढें करून वर्षें गाळणारा अर्ज संशयास पात्र होतो. आखातांतून परतलेल्या किंवा मुलांच्या संगोपनासाठीं घरीं राहिलेल्या व्यक्तीनें मधला काळ लपवूं नये. एका ओळींत कारण सांगावें व पुढें जावें.

सर्वच कांहीं सोबत येतें असेंहि नाहीं. टेंपो चालविणाऱ्यास मोठ्या वाहनाचा परवाना लागतोच, आणि आजाऱ्याची शुश्रूषा घरीं कितीहि प्रेमानें केली तरी ती नर्सची पदवी नव्हे. तेथें ‘शुश्रूषा केली’ असें लिहावें. ‘नर्स’ असें लिहूं नये. मुलाखतींत दुसऱ्याच प्रश्नास तें उघडें पडतें. हातानें शिकलेल्या कामास प्रमाणपत्र हवें असेल तर वाट आहे: २०१५ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेंत, पूर्वींच अनुभवानें शिकलेल्यांची परीक्षा घेऊन त्यांस प्रमाणपत्र देण्याची तरतूद करण्यांत आली. गवंडी, सुतार, शिवणकाम करणाऱ्या भगिनी यांनीं त्याची चौकशी अवश्य करावी.

आपल्यांपैकीं अनेकांस आंकडे व वर्षें आठवणार नाहींत. सणसमितीच्या, गायनवृंदाच्या व महिला मंडळाच्या जुन्या वह्या चिटणिसांच्या कपाटांत आहेत. येत्या रविवारच्या मिस्सानंतर त्या सभागृहांतील मेजावर ठेवण्यांत येतील. ज्यांस आपला अर्ज पुन्हा लिहावयाचा आहे त्यांनीं जुना अर्ज, जाहिरातीचें कात्रण व पेन्सिल घेऊन यावें.