पेन्सिलीत उतरलेला किनारा

समुद्रकाठचे किल्ले पेन्सिलीने टिपायची हौस इंग्लंडात बहरली होती. तरुण इंग्लिश चित्रकार टर्नरने १७९७ साली बॅम्बराचा किल्ला असाच वहीत उतरवला. त्याआधीच, १७९१-९२ मध्ये, जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार आपलं मुंबई बेट रेखाटत होता. ती दृश्यं छापली गेली १८०० साली, त्याच्या मृत्यूनंतर. मला मात्र अधिक भावतो त्याचा पुण्यातला सहकारी, गंगाराम तांबट. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा, वेरूळची लेणी, सगळं त्याने काढलं. त्याची चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठात आहेत! येल दूर असलं, तरी चित्रं पाहायला सातारा-सांगलीकरांना औंध तेवढं लांब नाही. स्वतः चित्रकार असलेल्या राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं तिथलं संग्रहालय मुलांना एकदा दाखवाच.