टँकर टोळीतल्या सात जणी

रानातून आत्ताच घरी आलेल्या, भाकरी थापता थापता रेडिओ ऐकणाऱ्या, सगळ्यांना आमचा नमस्कार. आम्ही बचत गटातल्या चौघी जणी. शिलाई, शेळ्या, लोणचं-पापड यांवर आम्ही इथे पूर्वी बोललो आहोत. आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. खुशाल हसा, आधी आम्हीही हसलोच होतो.

विषय आहे दिवाळीच्या किल्ल्यावरची मोडकी चित्रं जोडून, बदलून, रंगवून त्यांची अंतराळात जाणारी टोळी करण्याचा.

किल्ला काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. सहामाही परीक्षा संपली की पोरं दगड-विटा आणि पोती गोळा करतात, माती कालवतात, वर अळीव-मोहरी पेरतात. मग बाजारातून चित्रं येतात. आमच्याकडे किल्ल्यावरच्या छोट्या बाहुल्यांना चित्रंच म्हणतात. सिंहासनावर महाराज, पायथ्याला मावळे, तोफा, घोडे. दिवाळी सरली की चित्रं खोक्यात आणि खोकं माळ्यावर.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या आजींची नात ते खोकं खाली काढून बसली. आठवीतली पोर. तिनं पुरुषांची एक रांग लावली आणि बायकांची एक. मावळे भरले एकवीस. बायका तीन: घागर घेतलेल्या दोघी आणि एक भाजीवाली. पोर म्हणाली, "आजी, लढायला एवढे जण आणि त्या सगळ्यांना पाणी आणायला दोघीच?"

आजींना काही उत्तर सुचलं नाही. त्यांनी ते आम्हाला येऊन सांगितलं, आम्हालाही सुचलं नाही.

पुढे गौरी-गणपतीला एकीचा भाचा पुण्याहून आला. तो संगणकावर काम करतो आणि त्याला एक नाद आहे. त्यानं एक डबी उघडली. आत बोटाच्या पेराएवढी माणसं होती. अंगात चिलखत, पाठीवर यंत्रं, एकाचा डोळा काचेचा, एकीच्या झग्याला ठिगळ. आम्ही चष्मे लावून बघितलं. ते ठिगळसुद्धा रंगवलेलं होतं!

त्यानं सांगितलं, हा नाद इंग्लंडातला. तिथे एच. जी. वेल्स नावाचे मोठे लेखक होऊन गेले. मंगळावरचे जीव पृथ्वीवर चाल करून येतात अशी कादंबरी त्यांनी १८९८ मध्ये लिहिली. त्यांनीच १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात खेळण्यातले शिपाई जमिनीवर मांडून लढाई कशी खेळायची याचे नियम आहेत. गंमत अशी की त्या पुस्तकाच्या लांबलचक नावात मुलींनाही जागा आहे, पण सगळ्या नव्हे, मुलांचे खेळ आवडणाऱ्या हुशार मुलींनाच. आमच्या नातीनं हे ऐकून नाक मुरडलं.

पुढे १९८७ मध्ये त्याच देशात 'वॉरहॅमर ४०,०००' हा खेळ निघाला. हजारो वर्षांनंतरच्या काळातली युद्धं असा त्याचा विषय. तो काढणारी कंपनी नॉटिंगहॅम शहरातली. काही लोक त्यात शेकडो चित्रांची फौज उभी करतात. पण भाच्याला आवडते ती लहान टोळी. पाच ते दहा माणसं, प्रत्येकाला नाव, प्रत्येकाची गोष्ट. १९९५ मध्ये अशाच टोळ्यांचा 'नेक्रोमुंडा' नावाचा खेळ आला. त्यात एक टोळी सगळी बायकांचीच आहे. तसंच खेळात कुणाला जखम झाली तर ती वहीत लिहायची, आणि पुढच्या डावात ते माणूस ती जखम घेऊनच उतरणार.

आम्ही किंमत विचारली. एकेक खोकं काही हजारांचं! आम्ही गप्प झालो. तो हसला आणि म्हणाला, "मावशी, खरी मजा विकत घेण्यात नाही. एकाचं डोकं दुसऱ्याला लावायचं, तिसऱ्याचा हात कापून वेगळा बसवायचा, त्यात आहे. सुरुवातीच्या काळात त्यांच्या मासिकात बगलेला लावायच्या सुगंधी कांडीच्या रिकाम्या डबीपासून उडता रणगाडा करून दाखवला होता." रिकाम्या डब्या म्हटल्यावर आमचे कान टवकारले. त्या आमच्याकडे भरपूर.

नातीनं गोष्ट आधी ठरवली. तिला जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आवडतात. २३ ऑगस्ट २०२३ ला आपलं चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, ते तिनं शाळेत सगळ्यांबरोबर पाहिलं होतं. त्या भागातल्या काही खोल विवरांत ऊन कधीच पोचत नाही, आणि तिथे बर्फ असल्याच्या खुणा शास्त्रज्ञांना मिळाल्या आहेत. एवढं तिला पुरलं. तिची गोष्ट सन २२२५ मधली. पृथ्वीवरच्या विहिरी आटल्यात आणि सात बाया चंद्रावरून बर्फाचा टँकर भरून आणतात. वाटेत टँकर लुटणारे आडवे येतात. टोळीचं नाव टँकर टोळी. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथल्या पोरीला दुसरं काय सुचणार?

आता कृती सांगतो. महाराजांच्या आणि धड असलेल्या मावळ्यांच्या चित्रांना आम्ही हात लावला नाही. त्या तीन बाया घेतल्या आणि जत्रेतले प्लास्टिकचे मोडके शिपाई चार. झाल्या सात.

मग शिवणाचा डबा उघडला. टिचबटण म्हणजे पाठीवरचं यंत्र. मशीनची जुनी बॉबिन म्हणजे इंजिन. संपलेल्या पेनाची रिफील म्हणजे नळी. आकडे, चेनची कडी, फुटक्या बांगडीचा तुकडा, सगळं कामी आलं. गोळ्यांच्या पाकिटावरचा तो पारदर्शक फुगा असतो ना, तो कापून डोक्यावर बसवला की अंतराळवीराची काच. घागरवालीची घागर आम्ही तशीच ठेवली. तिला फक्त रिफीलची नळी जोडून नाकाशी नेली. झाली प्राणवायूची टाकी!

जोडायला हार्डवेअरच्या दुकानातलं एम-सील. त्याचे दोन भाग असतात. दोन्ही सारखे घ्यायचे आणि एकच रंग येईपर्यंत कणकेसारखे मळायचे. हातात प्लास्टिकची पिशवी घालायची, वरून बोट पाण्यानं ओलं ठेवायचं म्हणजे चिकटत नाही. अर्ध्या तासाच्या आत आकार द्यायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. निऱ्या, केस, बोटं काढायला बाभळीच्या काट्यासारखं हत्यार नाही.

नवा हात नुसता चिकटवला तर गळून पडतो. खांद्याला बारीक भोक पाडायचं, बांधकामाच्या तारेचा छोटा तुकडा आत घालायचा आणि त्यावर हात बसवायचा. प्लास्टरचं चित्र कापायचं असेल तर आधी ओलं करायचं, म्हणजे धूळ उडत नाही. आम्ही पहिल्यांदा कोरडंच कापलं. भाजीवालीचे तीन तुकडे झाले. ती सातवी म्हणून टोळीत आहे, पण कमरेला पट्टा बांधून. गोष्टीत ती दरडीखाली सापडली होती, असं आम्ही ठरवलं.

रंगवताना मोठी फजिती झाली. प्लास्टिकचे शिपाई आम्ही थेट रंगवले. सुंदर दिसले. दुसऱ्या दिवशी उचलले तर रंग सापाच्या कातीसारखा हातात आला. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, धुतलं होतं का? अस्तर दिलं होतं का?" दोन्ही नव्हतं. तेव्हा लक्षात ठेवा. प्लास्टिक साबणानं धुवायचं आणि वाळवायचं. मग प्रायमरचा पातळ हात द्यायचा, आणि तो पूर्ण सुकला की रंग. रंगही पातळ करून दोन हात, जाड करून एक हात नाही. जाड रंगात नाक-डोळे बुजतात.

मूळ रंग सुकला की काळपट रंग पाण्यासारखा पातळ करून वरून सोडायचा. तो निऱ्यांत, सांध्यांत जाऊन बसतो आणि सावली पडल्यासारखी दिसते. त्यानंतर फिकट रंगात ब्रश बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा पुसायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा, म्हणजे कडा उठतात. गंज दाखवायला भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा तपकिरी रंगात टेकवून टिपायचा. डोळे सगळ्यात शेवटी. रंग वाळू नये म्हणून डब्याच्या झाकणात ओलं फडकं, त्यावर बटर पेपर, आणि त्यावर रंग. पाय रोवायला बाटलीचं बूच. बुचावर फेव्हिकॉल लावून वाळलेला चहाचा चोथा पसरला आणि राखाडी रंगवला की चंद्राची जमीन तयार.

एक गोष्ट मात्र जपून. वेल्सच्या काळातले शिपाई शिशाचे असत. शिसं मुलांच्या मेंदूला घातक आहे. आपल्याकडे घरगुती रंगांत दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, असा नियम २०१७ पासून लागू आहे. पण माळ्यावरचा जुना तेलरंगाचा डबा त्याच्या आधीचा असू शकतो. तो मुलांच्या हाती देऊ नका. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग वापरा. ब्रशचं टोक तोंडात घालू नका, कामाच्या जागी खिडकी उघडी ठेवा.

आता जे सांगायचंय, ते सांगताना आम्हाला आमचीच लाज वाटते.

आमच्या गटात एक काकू आहेत. नऊ वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत त्यांचा उजवा पंजा गेला. तेव्हापासून तो हात पदराखाली असतो. सही डाव्या हातानं. आम्ही त्या हाताबद्दल कधी बोललो नाही, त्याही बोलल्या नाहीत.

नातीनं पाचवी बाई केली ती टँकर चालवणारी. तिचा उजवा हात मनगटापर्यंत, आणि पुढे आकडे व टिचबटणांचा लोखंडी पंजा. पोरीच्या मनात काकूच होत्या. काकूंना ती सगळ्यांत धीट समजते. आम्ही ते चित्र घडताना बघत होतो. काकूंना विचारावं असं आमच्या मनात आलं, आणि आम्ही गप्प बसलो. मासिक बैठकीत पोरीनं साती चित्रं मांडली. काकूंनी पाचवं उचललं, निरखलं, मुठीत धरलं आणि उठून गेल्या.

चार दिवस काकू कुणाशी बोलल्या नाहीत. पोर रडली. आम्ही तिला सांगितलं, चूक तुझी नाही, आमची आहे. तू लहान आहेस, आम्हाला कळायला हवं होतं.

पाचव्या दिवशी काकू आल्या. चित्र ओट्यावर ठेवलं आणि पोरीला म्हणाल्या, "पंजा चांगला केलायस. पण मी कधी अशी विजार घालून हिंडले का गं? हिला लुगडं नेसव. हिरवं. आणि हा हात पाठीमागं का लपवलास? टँकरचा दांडा याच हातात दे."

पोरीनं खरंच तो हात पाठीशी लावला होता. आमच्यापैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

तो हात पुन्हा कापला, तार घालून पुढे वळवला. लुगड्यासाठीचं एम-सील काकूंनी स्वतः मळलं, डाव्या हातानं. वाटी हलू नये म्हणून उजव्या मनगटानं दाबून धरली होती. त्या दुपारभर पदर खांद्यावरच होता.

म्हणून आमचा नियम असा: कुणाच्या अंगावरची खूण गोष्टीत घ्यायची असेल, तर आधी त्या माणसाला विचारायचं. आणि ते माणूस सांगेल तसंच रंगवायचं.

दिवाळीत किल्ल्याशेजारी राखेचा चंद्र केला. शिवणाच्या टेपनं मोजून प्रत्येकीनं एका वेळी सहा इंच चालायचं. अडचण आली की फासा टाकायचा, पाच किंवा सहा पडले तर पार. लुटारू झाली गल्लीतली पोरं. पहिल्या डावात टँकर लुटला गेला आणि भाजीवाली पुन्हा जखमी झाली. तिच्या दंडाला एम-सीलची पट्टी बांधली, वहीत नोंद केली. तिसऱ्या डावाला टँकर पोचला. पाणी आल्यावर वाटपावरून भांडण झालं, तेही नोंदलंय. आमच्या गटाच्या वहीपेक्षा ती वही नीट ठेवलेली आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या माळ्यावरही असं एक खोकं असेल. खाली काढा. पोरींना सोबत घेऊन बसा. कोण कोण आहे ते मोजा आणि कोण नाही तेही मोजा. मग शिवणाचा डबा उघडा.

आमचं बोलणं इथेच थांबवतो. नमस्कार.