देवाच्या नावाने राहिलेले झाड

(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



जीर्णोद्धार म्हटला की दगड, चुना, कळस यांचा हिशेब आधी होतो. देवळालगतच्या झाडांचा हिशेब मात्र वहीत कुठे लिहिला जात नाही. तो का लिहावा, हे चीनमधील एका खेड्याच्या हकिगतीवरून ध्यानात येईल.

१९४१ साली शिगेरू मिकी या जपानी शास्त्रज्ञांनी जमिनीत सापडलेल्या प्राचीन अवशेषांवरून एका वृक्षाचे वर्णन केले व त्याला ‘मेटासेक्वोया’ हे नाव दिले. या वृक्षाचा वंश लक्षावधी वर्षांपूर्वीच बुडाला, अशी समजूत होती.

पण मध्य चीनमधील मोदाओशी गावात तो जिवंत उभा होता. त्याच्या बुंध्याशी गावकऱ्यांचे लहानसे देऊळ होते. १९४३ साली वांग जान या वनतज्ज्ञांनी त्याच्या डहाळ्या व फळे नेली. हे झाड म्हणजे मिकींचाच वृक्ष, हे हू श्येनसू यांनी १९४६ साली ओळखले. १९४८ साली हू आणि चंग वानजून यांनी ते जगापुढे मांडले. त्याच वर्षी अमेरिकेतील आर्नोल्ड वृक्षोद्यानाने त्याचे बी देशोदेशी पाठविले. आज अनेक देशांच्या बागांत तो वाढतो. मूळ ठिकाणी मात्र तो अजूनही दुर्मिळच आहे.

शोध विद्वानांनी लावला हे खरे. पण झाड उभे होते म्हणून शोध लागला. गावकऱ्यांना त्याचे शास्त्रीय नाव ठाऊक नव्हते. ते देवाचे झाड आहे, एवढे त्यांना पुरेसे होते.

सह्याद्रीतल्या देवराया याच श्रद्धेने टिकल्या. काही देवरायांत वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, असा दंडक असे. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी या देवरायांचा अभ्यास केला. इतरत्र तुटून गेलेल्या रानाचे नमुने तेथे राहिलेले दिसले. दुःखाची गोष्ट अशी की, देऊळ नवे करण्यासाठीच काही ठिकाणी देवराईवर कुऱ्हाड चालली. देवाचे घर उभे राहिले आणि देवाचे रान गेले!

म्हणून दात्यांना व विश्वस्तांना एवढीच विनंती, की फरशी घालताना प्रत्येक झाडाचे आळे मोकळे ठेवावे. जमाखर्चाच्या वहीत एक पान झाडांच्या नावांसाठी राखावे. ज्याचे नाव कोणालाच सांगता येत नाही, ते झाड तर मुळीच तोडू नये.

अशी सुबुद्धी सर्वांना लाभो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.