हजेरीच्या वहीत तिचं नाव

(पहिल्या पिढीतल्या पदवीधरांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे ‘खाणकामगार स्त्रियांचं आरोग्य आणि सुरक्षितता’. यावर बोलताना हेल्मेट, बूट, मास्क इथून सुरुवात करायची पद्धत आहे. मी एका वहीपासून करते.

संशोधनाच्या कामासाठी मी पुण्याजवळच्या एका दगडखाणीवर जात होते. तिथल्या मुकादमाने मला हजेरीची वही दाखवली. त्यात फक्त पुरुषांची नावं होती आणि नावापुढे एकच शब्द, ‘जोडी’. नवरा घणाने दगड फोडतो. बायको हातोडीने खडी करते, घमेलं भरते, डोक्यावर वाहते. पैसे ब्रासवर ठरतात आणि नवऱ्याच्या हातात पडतात. तुमच्यापैकी ज्यांचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत, त्यांना हा हिशेब समजावून सांगायला नको. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता होतात, इथे एक जोडी.

मला आज एवढंच सांगायचं आहे की, खाणीवरच्या बाईच्या आरोग्याचा प्रश्न हा आधी तिच्या नोंदीचा प्रश्न आहे. धूळ काही नाव विचारून छातीत जात नाही. पण तपासणी आणि भरपाई नाव विचारूनच मिळते.

ही जोडी आजची नाही. झरिया-राणीगंजच्या कोळसा खाणींत शंभर वर्षांपूर्वी पुरुष कोळसा तोडायचा आणि बाई तो भरायची, वाहायची. तिला ‘कामिन’ म्हणत. संथाळ, बाउरी, भुइयां अशा आदिवासी आणि दलित समाजांतल्या या बायका. १९२० च्या सुमारास कोळसा खाणींतल्या मजुरांत एक तृतीयांशाहून जास्त स्त्रिया होत्या. १९२९ च्या नियमांनी त्यांना भूगर्भातून टप्प्याटप्प्याने बाहेर काढायचं ठरलं आणि १९३७ पर्यंत ते पूर्ण झालं. कारण सांगितलं गेलं ते संरक्षणाचं. खाली धोका होताच. छत कोसळायचं, वायू पेटायचा, पाणी शिरायचं. पण तो धोका पुरुषालाही होता. खाण सुरक्षित करण्यापेक्षा बाईला बाहेर काढणं सोपं होतं. घरातली एक मजुरी मात्र गेली.

पुढे महायुद्धात कोळसा कमी पडला आणि १९४३ मध्ये सरकारने ही बंदी उठवली. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. महिला संघटनांनी विरोध केला. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात बाबासाहेबांना उत्तर द्यावं लागलं. हा प्रसंग आपल्याला अडचणीचा वाटतो म्हणून आपण तो टाळतो. टाळू नये. त्यांनी हा निर्णय युद्धकाळातला नाइलाज म्हणून मांडला आणि खाली उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळणार, या तत्त्वावर भर दिला. त्याआधी १९४३ मध्येच खाण प्रसूती लाभ कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक त्यांनी मांडलं होतं. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी परत लागू झाली. त्या निर्णयाशी तुम्ही असहमत असू शकता. पण बाई कामावर आहे, तर तिची मजुरी किती आणि बाळंतपणात तिला काय मिळणार, हे प्रश्न त्यातून पुढे आले. नुसत्या बंदीने ते पुढे येत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर १९५२ चा खाण कायदा आला. त्याच्या कलम ४६ ने स्त्रियांना भूगर्भात काम करायला बंदी घातली आणि जमिनीवर सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढीच मुभा दिली. याच कायद्याचं कलम ३ जरूर वाचा. मुरूम, खडी, बांधकामाचा दगड, वाळू असा माल काढणारी उघडी खाण ६ मीटरपेक्षा खोल नसेल, ५० पेक्षा जास्त माणसं नसतील आणि सुरुंग वापरत नसतील, तर तिला जवळजवळ सगळ्या कायद्यातून सूट. पिण्याचं पाणी, स्त्रियांसाठी वेगळी शौचालयं, प्रथमोपचार, कामगारांची नोंदवही, या सगळ्यातून सूट. मोजकी कलमं तेवढी लागू राहिली आणि त्यात कलम ४६ होतं. म्हणजे छोट्या खाणीवरच्या बाईला पाणी आणि संडास देणारी कलमं लागू नव्हती, पण तिला रोखणारं कलम लागू होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून पुन्हा तपासलं.

आता काळ बदलला आहे. २०१९ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून भूगर्भातल्या तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापकीय कामांसाठी स्त्रियांना परवानगी दिली. २०२१ मध्ये आकांक्षा कुमारी या खाण अभियंता सेंट्रल कोलफील्ड्सच्या भूमिगत खाणीत रुजू झाल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात स्त्रीला तिच्या संमतीने रात्रीही काम करता येतं. दार उघडलं ही चांगली गोष्ट आहे. तुमच्यातली एखादी खाण अभियंता झाली तर मला आनंदच होईल. पण हे दार पदवी असलेल्या बाईसाठी उघडलं. खडी फोडणाऱ्या बाईची संमती कोण घेणार? जिचं नाव वहीतच नाही, ती सही कुठे करणार?

आता आजाराबद्दल. दगड फोडताना, ड्रिल मारताना, क्रशर चालताना सिलिकाची धूळ उडते. जी डोळ्यांना दिसते ती नाकात अडकते. जी दिसत नाही ती फुप्फुसाच्या तळाशी जाते, तिथे व्रण करते आणि फुप्फुस आवळत जातं. हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही. पदराने तोंड बांधून ही बारीक धूळ थांबत नाही. दगडावर पाणी मारून काम केलं तर धूळ पुष्कळ कमी होते. सिलिकोसिस झालेल्याला क्षयही लवकर गाठतो. म्हणून अनेकदा नुसत्या क्षयाची औषधं दिली जातात आणि महिनोन्‌महिने दम काही जात नाही. या रोगाचं निदान करताना एक्स-रेबरोबर एक प्रश्न विचारावा लागतो, ‘काम काय करता?’ बाई सांगते, ‘घरीच असते, मालकांना हाताभार लावते.’ तिथेच निदान हुकतं.

बाकीचं तुम्हाला माहीत आहे. आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणं, लघवी दाबून ठेवणं, त्यातून होणारी जळजळ आणि ताप. बाळंतपणानंतर लगेच ओझं उचलल्याने अंग बाहेर येणं. क्रशरच्या आवाजात झोळीत झोपवलेलं मूल. ती धूळ तेही श्वासात घेतं.

राजस्थानातल्या बुंदी जिल्ह्यातलं बुधपुरा बघा. तिथे खाणींच्या टाकाऊ वालुकाश्मातून फरशीचे छोटे चौकोनी दगड घडवतात. ते युरोपातल्या रस्त्यांवर बसतात. हे काम बायका करतात. खाणीत नवरा सिलिकोसिसने गेला की बाई मुलांसाठी त्याच दगडावर छिन्नी धरते. राजस्थानात २०१९ पासून धोरण आहे. सिलिकोसिसचं प्रमाणपत्र मिळालं की ३ लाख रुपये आणि मृत्यूनंतर वारसांना २ लाख. त्यामुळे ती विधवा म्हणून कागदावर येते. कामगार म्हणून यायला तिला वेगळं झगडावं लागतं.

मध्य प्रदेशातले आदिवासी मजूर गुजरातेत गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत मरत होते. तिथे खाण नाही, पण दगड तोच आणि धूळही तीच. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख द्यायला सांगितलं. हे काही आपोआप झालं नाही. गावोगाव फिरून कोणीतरी नावं लिहिली, एक्स-रे गोळा केले, कोण कुठे किती महिने कामाला होतं याच्या याद्या केल्या. तेव्हा कुठे ही माणसं न्यायालयाला दिसली.

ते याद्या करण्याचं काम आपल्याला येतं, साथींनो. आपण घरातले पहिले शिकलेले आहोत. रेशनचा अर्ज, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा फॉर्म, सगळं आपणच भरत आलो. त्यात अजून तीन गोष्टी धरा. वस्तीत कोणाला दम लागतो, क्षयाचं औषध लागू पडत नाही असं कळलं, तर आधी त्या बाईला तिचं काम विचारा आणि ते डॉक्टरला केसपेपरवर लिहायला लावा. मजुरीची जी काही चिठ्ठी, फोटो, उचलीचा कागद असेल तो जपून ठेवायला सांगा. आणि जवळच्या खाणीत किती स्त्री-कामगारांची नोंद आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर शून्य आलं, तरी तो कागद कामाचा आहे. दुपारी खाणीवर जाऊन बायका मोजा आणि तो आकडा त्या शून्याशेजारी लिहा.

त्या मुकादमाला मी विचारलं होतं, बायांची नावं का लिहीत नाही? तो चिडला नाही. सहज म्हणाला, ‘ताई, आजवर कोणी विचारलंच नाही.’

आता आपण विचारू.

जय भीम.