मूत्रविकारांवरील औषधे आणि त्यांचे दुष्परिणाम

औषधाने रोग हटावा आणि त्याचा उपद्रव मात्र होऊ नये, ही अपेक्षा वैद्यकाइतकीच जुनी आहे. ती कितपत पुरी होऊ शकते, हे पाहण्यासाठी उतारवयातील पुरुषांच्या एका नेहमीच्या मूत्रविकाराचे उदाहरण घेता येईल.

मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून, अष्ठीला नावाची एक ग्रंथी असते. व्यवहारात तिला प्रोस्टेट म्हणतात. पन्नाशीनंतर पुष्कळ पुरुषांत ती वाढू लागते. ही वाढ कर्करोगाची नसते. परंतु तिच्यामुळे लघवीची धार मंदावते, मूत्राशय पुरते रिकामे झाल्यासारखे वाटत नाही आणि रात्रीतून अनेकदा उठावे लागते. संकोचामुळे हे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते. त्रास वाढला की शस्त्रक्रिया, हाच एके काळी मुख्य उपाय होता.

हा अडथळा केवळ ग्रंथीच्या आकारामुळे निर्माण होत नाही. ग्रंथीत आणि मूत्राशयाच्या मुखाशी अनैच्छिक स्नायू असतात. ते आवळले गेले की मार्ग आणखी अरुंद होतो. स्नायूंना हा आदेश नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या द्रव्याकडून मिळतो. कुलपात किल्ली बसावी तसे हे द्रव्य पेशींवरील ग्राहींमध्ये बसते. असे ग्राही अल्फा आणि बीटा या दोन प्रकारचे असतात, हे रेमंड आलक्विस्ट यांनी १९४८ साली दाखवून दिले होते. जेरुसलेम येथील मार्को केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ज्ञानाचा उपयोग केला. अल्फा ग्राही रोखणारे फिनॉक्सिबेंझामिन हे औषध दिल्यास लघवीचा मार्ग मोकळा होतो, असा अनुभव त्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केला.

गुण आला, पण त्याची किंमतही द्यावी लागली. अल्फा ग्राही रक्तवाहिन्यांतही असतात. तेथे ते रोखले गेले की वाहिन्या सैल पडतात आणि उभे राहताच रक्तदाब उतरतो. रोग्याला घेरी येई, थकवा वाटे, नाक चोंदे. रात्री लघवीसाठी उठणारा वृद्ध घेरी येऊन पडला आणि त्याचे हाड मोडले, तर मूळ दुखणे परवडले असे म्हणण्याची पाळी येते. पुढे प्राण्यांवरील प्रयोगांत हे औषध कर्करोगजनक आढळले आणि या विकारासाठी त्याचा वापर मागे पडला.

त्यानंतरची वाटचाल अधिकाधिक नेमकेपणाच्या दिशेने झाली. अल्फा ग्राहींच्या दोन प्रकारांपैकी केवळ पहिला रोखणारे प्राझोसिन आले. मात्र पहिल्याच मात्रेने काहींना भोवळ येत असल्याने सुरुवात अल्प मात्रेने आणि झोपतेवेळी करावी लागे. मग या पहिल्या प्रकाराचेही तीन उपप्रकार असून अष्ठीला ग्रंथीत त्यांतील ‘ए’ प्रामुख्याने असतो, असे दिसून आले. हा उपप्रकार विशेषेकरून रोखणारे टॅम्सुलोसिन जपानमध्ये १९९३ साली, तर अमेरिकेत १९९७ साली वापरात आले. रक्तदाबावर त्याचा परिणाम पुष्कळच कमी होतो. औषध सौम्य झाले ते दुबळे झाल्यामुळे नव्हे, तर त्याला आपले ठिकाण अधिक अचूक ओळखता आल्यामुळे.

तरीही ‘कमी’ म्हणजे ‘मुळीच नाही’ असे नव्हे. टॅम्सुलोसिनने काहींना घेरी येतेच. उपाशीपोटी घेतल्यास रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. म्हणून ते रोज ठरावीक जेवणानंतर घेण्यास सांगतात. काही पुरुषांत वीर्यस्खलनात बिघाड होतो. एक परिणाम तर अगदी अनपेक्षित ठिकाणी आढळला. तसेच ग्राही डोळ्यातील बाहुली मोठी करणाऱ्या स्नायूतही असतात. हे औषध घेणाऱ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बुबुळाचा पडदा लुळा पडतो, असे डेव्हिड चँग आणि जॉन कॅम्पबेल यांनी २००५ साली निदर्शनास आणले. आधी काही दिवस औषध बंद ठेवल्यानेही हा धोका निश्चितपणे टळत नाही. प्रोस्टेट आणि मोतीबिंदू या दोन्ही व्याधी एकाच वयातल्या. त्यामुळे नेत्रतज्ज्ञाला आपल्या औषधाची आधीच कल्पना देणे अगत्याचे आहे. शल्यचिकित्सक सावध असला तर त्याला योग्य ती तयारी करता येते.

ही औषधे स्नायू सैल करतात, ग्रंथी लहान करीत नाहीत. ते काम फिनॅस्टेराइडसारखी औषधे करतात; पण त्यांचा गुण दिसण्यास कित्येक महिने लागतात आणि काहींची कामेच्छा मंदावते. सर्दीवरील काही औषधे तर नेमकी उलट दिशेने काम करून लघवी तुंबवू शकतात. म्हणून कोणते औषध कोणाला द्यावे, हे रोग्याचा रक्तदाब, त्याचे अन्य विकार आणि चालू असलेली इतर औषधे पाहूनच ठरवावे लागते. संशोधकांनी दुष्परिणाम पुष्कळ कमी केले आहेत. जे उरले आहेत त्यांपासून बचाव व्हावा, यासाठी रोग्याने संकोच सोडून वैद्याला सर्व काही सांगणे, हाही उपचाराचाच एक भाग होय.